प्लास्टरआधी घर कसं तपासायचं? (पाथर्डी फाटा, तळमजला + १)

विहीरवाट:
वीटकाम पूर्ण झालंय. बाहेरच्या भिंती ६ इंची, आतल्या ४ इंची, सगळी फ्लाय-अ‍ॅश वीट. इलेक्ट्रिकचे पाइप टाकून झालेत, प्लंबिंगचं एक बाथरूम बाकी आहे. ठेकेदार सोमवारपासून आतलं प्लास्टर सुरू करतो म्हणतोय. पाण्याच्या लाइनची टेस्ट टाइल्स लागल्यावर घेऊ, असंही त्याचं म्हणणं. अमेरिकेतल्या भावाने ड्रायवॉल लावण्याआधीच्या तपासणीची यादी पाठवली आहे, पण तिथे लाकडी सांगाडा आणि जिप्समचे बोर्ड. आपल्याकडे नेमकं काय बघायचं?

ओळंबा:
भावाच्या यादीतलं एकच तत्त्व घ्या: झाकलं जाणारं सगळं आधी बघायचं. बाकी यादी इथे चालणार नाही. तिकडे बोर्ड कापून दुरुस्ती करता येते, इथे छन्नीच मारावी लागते.

पहिल्यांदा बीमखालची फट बघा. वीटकामाचा शेवटचा थर बीमला घट्ट भिडवून त्याच दिवशी बंद केला असेल, तर पुढे तिथे आडवी भेग हमखास येते, कारण ताजं वीटकाम थोडं बसतं आणि वरचा बीमही भार आल्यावर किंचित वाकतो. १ ते दीड इंच फट ठेवून ती किमान आठवड्याने मसाल्याने (सिमेंट-वाळूच्या) ठासून भरायची असते. हातोडीच्या दांड्याने ठोकून बघा. पोकळ वाजलं तर उकरून परत भरून घ्या.

दुसरी जागा म्हणजे कॉलम-बीम आणि वीट यांचा सांधा. काँक्रीट आणि वीट तापमान बदललं की सारख्या प्रमाणात हलत नाहीत. नाशिकला हिवाळ्यातली पहाट आणि एप्रिलमधली दुपार यातला फरक तुम्हाला सांगायला नको. सांध्यावर १२ इंच रुंद चिकन मेश (बारीक तारेची जाळी) हवी, दोन्ही बाजूंना ६-६ इंच. बहुतेक ठिकाणी चूक होते ती ठोकण्यात: जाळी भिंतीला चिकटवून सपाट ठोकतात, मग मसाला तिच्या मागे जातच नाही आणि पापुद्रा सुटतो. खिळ्याखाली वायसर घालून जाळी थोडी उचललेली ठेवा, म्हणजे ती प्लास्टरच्या मधोमध राहील. काँक्रीटच्या गुळगुळीत भागाला टाचे (प्लास्टर धरावं म्हणून छन्नीने पाडलेले खड्डे) मारलेत का, तेही बघा. दोन-चार ओरखडे म्हणजे टाचे नव्हेत.

४ इंची भिंतीत दर ३ ते ४ फुटांवर आरसीसी (सळईचं काँक्रीट) पट्टा आहे ना? नसेल तर प्लास्टर थांबवा.

चौकटी: ओळंबा (उभेपणा बघायचा वजनाचा दोरा) दोन्ही दिशांनी लावा, दोन्ही कर्ण टेपने मोजा. कर्ण सारखे नसतील तर दार पुढे घासणारच. चौकट विटेच्या बाहेर प्लास्टरच्या जाडीइतकी, म्हणजे साधारण १२ मिमी, आलेली हवी. आतलं प्लास्टर १२ ते १५ मिमी, छत ६ मिमी, बाहेरचं दोन थरांत २० मिमी. एका थरात २५ मिमी चढवून भिंतीचा वाकडेपणा झाकायला निघाले तर नाही म्हणा.

नळजोड:
टाइल्सनंतर टेस्ट? मग गळती सापडली की टाइल फोडायची. प्लास्टरच्या आधीच घ्या.

सीपीव्हीसीचा (गरम-गार पाण्याचा प्लास्टिक पाइप) शेवटचा जोड लावून २४ तास जाऊ द्या. सगळी तोंडं प्लगने बंद करा, लाइन पाण्याने भरून हवा पूर्ण काढा (हवा राहिली तर दाब दाखवणाऱ्या गेजचा काटा फसवतो) आणि हातपंपाने १० किलो (दर चौ. सेंमी) दाब देऊन किमान २ तास ठेवा. सकाळी करा. उन्हात पाइप तापला की काटा आपोआप हलतो आणि नुसता वाद होतो. टेस्ट झाल्यावर गेज काढू नका. ३-४ किलो दाब ठेवूनच प्लास्टर आणि टाइल्स होऊ द्या. गवंड्याचा खिळा पाइपात गेला तर काटा त्याच दिवशी पडेल.

वॉल मिक्सरच्या (गरम-गार एकत्र करणारा नळ) दोन एल्बोंचं (काटकोनी जोड) अंतर मध्य ते मध्य १५० मिमी, गरम डावीकडे. एल्बोचं तोंड तयार टाइलच्या पातळीत यायला हवं, म्हणून प्लास्टर, चिकटवण्याचा थर आणि टाइलची जाडी आताच धरा. कन्सील्ड डायव्हर्टरवर (पाणी शॉवरकडे की नळाकडे हे ठरवणारा, भिंतीत बसणारा भाग) कमीत कमी आणि जास्तीत जास्त खोलीची खूण असते, ती न बघता बसवलेला डायव्हर्टर आत बुडतो. सोलरची गच्चीवरून येणारी गरम लाइन आणि एसीच्या पाण्याचा उतार आताच टाका, हे दोन्ही हमखास राहतात.

बाथरूमच्या बुडीत (खाली घेतलेल्या) स्लॅबमध्ये वॉटरप्रूफिंगनंतर २-३ इंच पाणी ४८ तास ठेवा, पातळीला पेन्सिलची रेघ मारा. खालच्या छताला ओल दिसली तर भरणी करू नका.

तारगुंता:
इलेक्ट्रिकमध्ये वायर प्लास्टरनंतरच ओढायची, पण प्रत्येक पाइपातून स्टीलची स्प्रिंग आताच फिरवून घ्या. स्लॅबमधला एखादा पाइप सिमेंटच्या पाण्याने बुजलेला निघतोच. बोर्डचे डबे कागद किंवा थर्माकोलने बंद करा, नाहीतर गवंडी मसाल्याने भरतील.

पाइप झाकले जाण्याआधी प्रत्येक भिंतीचे फोटो काढून ठेवा, आणि काढताना भिंतीला टेप लावा. मापं जमिनीपासून घेऊ नका, फरशी आली की जमीन ३-४ इंच वर येते. चौकटीच्या वरच्या कडेपासून आणि चौकटीच्या बाजूपासून मोजा. ती दोन्ही जागची हलत नाहीत.

विहीरवाट:
बीमखाली दोन ठिकाणी पोकळ वाजतंय, ते उकरायला सांगितलं. दुसऱ्या बाथरूमच्या ४ इंची भिंतीत प्लंबरने पाइपासाठी ५ फूट आडवी झिरी (खाच) मारली आहे, पाइप अजून टाकलेला नाही. चालेल का?

ओळंबा:
नाही. उभी झिरी भिंतीच्या जाडीच्या एक तृतीयांशापर्यंत, आडवी एक षष्ठांशापर्यंतच. ४ इंची भिंतीत ती १६-१७ मिमी होते, एवढ्यात पाऊण इंची पाइपही लपत नाही. झिरी १:३ मसाल्याने ठासून भरा, वरून १२ इंची मेश लावा आणि ७ दिवस पाणी मारा. लाइन बीमखालून आडवी फिरवून (फॉल्स सीलिंगमध्ये झाकली जाईल) प्रत्येक नळाला उभी खाली उतरवा. आणि पुढची झिरी कटरने दोन रेघा मारूनच काढायला सांगा, छन्नीच्या धक्क्याने ४ इंची भिंत हलते. सोमवारचं प्लास्टर दुसऱ्या खोलीतून सुरू होऊ द्या.