निराधारचा पगार, दाखले आणि मोर्चे : दिव्यांगांच्या हक्काच्या पैशांसाठी तुम्ही काय काय केलंत?

कवडसा
काल भाकऱ्या थापत होते आणि धाकट्या भावाचा फोन. "ताई, पगार झाला. अडीच हजार!" नोकरी नाही करत तो. आमच्याकडे संजय गांधी निराधार योजनेच्या पैशाला सगळे पगारच म्हणतात. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांगांना दीडचे अडीच हजार झाले, त्याचा आनंद. तो पुढे काय बोलला ते ऐकूच आलं नाही, मला आप्पांची लुना दिसायला लागली.

२०१३. तेव्हा महिना सहाशे मिळायचे आणि पाच महिने काहीच आलं नव्हतं. भावाला बसताना तोल सावरत नाही, म्हणून आप्पा त्याला आईच्या जुन्या लुगड्याने स्वतःच्या पाठीला बांधायचे आणि तालुक्याला न्यायचे. कचेरीसमोर तीस-चाळीस जण बसलेले. साहेब वरच्या मजल्यावर. खाली यायला त्यांना वेळ नाही, वर जायला आमच्याकडे पाय नाहीत. तिसऱ्या दिवशी फाटकातच एकाच्या तीनचाकीची साखळी उतरली आणि साहेबांची गाडी अडकली. आंदोलन म्हणून नाही हो, खरंच उतरली होती! ती बसेपर्यंत साहेब उन्हात उभे, आणि तेवढ्यात सगळ्यांचं सांगून झालं. पंधरा दिवसांत तीन महिन्यांचे आले. उरलेल्या दोन महिन्यांची आप्पा शेवटपर्यंत आठवण काढायचे.

तुमचंही लिहा. छोटं असलं तरी चालेल.

बोरूबहाद्दर
साखळी! फुटलो. पुढच्या वेळी तेल घालू नका म्हणावं.

वऱ्हाडी_ठेचा
मी गुरुकुंज मोझरीले होतो जून २०२५ मंदी, बच्चू कडूंच्या अन्नत्यागाच्या वेळी. लोकायले कर्जमाफीच आठवते, पण दिव्यांगायले महिना सहा हजार द्या हे बी मागणी होती. आमचा मामा कुबड्या घेऊन आला, राष्ट्रसंतांच्या समाधीचं दर्शन घेतलं अन् मांडवात जाऊन बसला तो उठेच ना. सहा मागतले, अडीच भेटले. मामा म्हणते, बैलबाजारात बी असंच असते, म्हणून पयले दुप्पट सांगा लागते.

सुईदोरा
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. मुलगी स्वमग्न. जुन्या १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सातच प्रकार होते, स्वमग्नता त्यात नव्हतीच. त्यामुळे पहिल्या सर्टिफिकेटवर 'मतिमंद' लिहून दिलं होतं. २०१६ च्या कायद्यात एकवीस प्रकार झाले तेव्हा पुन्हा रांगेत. मग ती अठराची झाल्यावर निराधारचा अर्ज, तर उत्पन्नाची अट वर्षाला ५०,०००. भागा बाराने. ४,१६६ रुपये. मी ब्लाउज शिवते, नवरा टेम्पोवर. तेवढ्यात तिची औषधंसुद्धा येत नाहीत, पण कागदावर आम्ही श्रीमंत. तलाठी भाऊसाहेब म्हणाले, "ताई, शिवणकाम सांगूच नका ना." खोटं मी लिहायचं आणि

शिट्टी झाली, आले.

निवांत_नाना
उत्पन्नाच्या दाखल्याला सेतूत हल्ली किती दिवस लागतात? आमच्याकडे सर्व्हर डाऊन आहे, मंगळवारपासून.

खडूस_काकू
राग येईल पण लिहिते. आमच्या गल्लीत एक धडधाकट गृहस्थ अपंगाच्या पासवर एसटीने फिरतात. पंचाहत्तर टक्के सवलत घेतात आणि दोन पायऱ्या एकदम चढतात. तपासण्या व्हायलाच हव्यात.

कवडसा
काकू, राग नाही. होऊ देत. खोटा लाभ घेणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, हे कायद्यातच आहे, लावा की. पण तपासणी म्हटली की त्या गृहस्थांच्या आधी माझा भाऊ लुगड्याने बांधला जातो.

खडूस_काकू
हे वाचून गप्प बसले. आप्पा आहेत का गं?

कवडसा
नाहीत. २०१९ ला गेले. सहाशेचे हजार झालेले मात्र त्यांनी पाहिले.

पाणंद
पैसे डीबीटीने, म्हणजे थेट खात्यात, यायला लागले तेव्हाची गोष्ट. शेजारचे बाबा, कुष्ठरोग कधीच बरा झालेला, बोटं मात्र गेलेली. केवायसीला मशीन म्हणतंय अंगठा ठेवा. पोरगा नवीन होता, तो म्हणाला, "बाबा, दुसऱ्या हाताचा?" बाबांनी दुसरा हात पुढे केला. त्याचीही तीच गत. पोरगा मान खाली घालून बसला. शेवटी डोळे स्कॅन करायचं यंत्र असलेलं केंद्र सापडलं, ३१ किलोमीटर. बाबा आल्यावर म्हणाले, "डोळे राहिलेत ते बरं झालं." हसावं की काय करावं कळेना.

थंडीचा_कडाका
लीड्सहून. आमच्या शेजारच्या गोऱ्या आजींना पिप म्हणून दिव्यांगांचा सरकारी भत्ता मिळतो, गुण मोजून. केस किंवा कंबरेखालचं अंग धुवायला मदत लागते, गुण दोन. खांद्यापासून कंबरेपर्यंत धुवायला लागली, तर चार. मार्च २०२५ मध्ये सरकारने ठरवलं, एका तरी कामात चार गुण हवेत. आजींचे सगळीकडे दोन-दोन. त्या म्हणाल्या, म्हणजे मी कंबरेपर्यंतच माणूस. त्यांचा हात थरथरतो, म्हणून खासदाराला पत्रं माझ्या स्वयंपाकघरात बसून लिहिली, मजकूर त्यांचा, अक्षर माझं, टेबलावर पोह्यांची बशी. सत्ताधारी मजूर पक्षाचेच शंभरावर खासदार बिथरले. आधी म्हणाले जुन्यांना धक्का लावत नाही, मग १ जुलैला मतदानाच्या ऐन तोंडावर नव्यांसाठीचीही अट विधेयकातून काढली. आजींना पोहे आवडले नाहीत.

बोरूबहाद्दर
शेंगदाणे घातले होते का?

थंडीचा_कडाका
नव्हते. चूक मान्य.

सात_पायऱ्या
मी स्वतः पोलिओवाला. अर्ज लिहिणं हा माझा छंद समजा. २०१६ च्या कायद्याचं कलम २४ सगळ्यांनी पाठ करा : सामाजिक सुरक्षेच्या योजनेत इतरांना जेवढं मिळतं त्यापेक्षा दिव्यांगाला किमान २५ टक्के जास्त द्यायचं. निराधारमध्ये विधवा भगिनींना दीड हजार आणि आम्हालाही तेव्हा दीडच होते. मी विचारलं, वरचे ३७५ कुठायत? सात अर्ज, सात पोचा, शिक्क्यासकट जपून ठेवल्यात. उत्तर एकाही अर्जाला नाही. अडीच हजार झाल्यावर बायको म्हणाली, आता फेका ती फाइल. मी म्हटलं, मागची थकबाकी? आणि केंद्राच्या पेन्शनमधला ३०० चा वाटा २०१२ पासून तसाच आहे, त्याचा आठवा अर्ज लिहायचाय.

निवांत_नाना
पायऱ्याभाऊ, तुम्ही दिव्यांग शब्द वापरता की अपंग? आमच्या कट्ट्यावर वाद चाललाय.

सात_पायऱ्या
दोन्ही. आमच्या बँकेने पाटीवर जुन्या शब्दावर नवा रंग मारला. पायऱ्या अजून सातच आहेत, त्यावरून हे नाव.

सुईदोरा
आले परत. अर्धवट राहिलं होतं. खोटं लिहिलं नाही मी. शिवणकाम लिहिलं, अर्ज फेटाळला. मग आम्ही अकरा आया मिळून कलेक्टर कचेरीवर गेलो, अट वाढवा म्हणून निवेदन दिलं. मुली बरोबर होत्या, माझीने तिथल्या फिरत्या खुर्चीवर बसून गोल गोल फिरून घेतलं. अट आहे तिथेच आहे. पायऱ्याभाऊ, त्या कलमाचा अर्ज पाठवता का, नाव बदलून देते.

सात_पायऱ्या
पाठवतो. पोच घेतल्याशिवाय हलू नका.

कवडसा
मलाही. आणि भाऊ विचारतोय, बॅटरीवर चालणाऱ्या तीनचाकीची बॅटरी बदलायला किती घेतात? गावात कुणी हात लावत नाही.

वऱ्हाडी_ठेचा
मामाले विचारून सांगतो. आता झोपला आहे तो.