दीड हजार आणि ‘आमच्या कराचे पैसे’

खडीवाट: काल एकाने लिहिलं, “कर भरायचा आम्ही पगारदारांनी आणि महिना दीड हजार करून लाडक्या बहिणींना वाटायचा सरकारने. १९९१ च्या उदारीकरणानंतर ज्याने त्याने हिमतीवर वर यायचं होतं.” डोकंच तापलं. घरात वर्षाला अडीच लाखही येत नाहीत ती बाई मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के जीएसटी भरते, बंगलेवाला भरतो तितकाच. वरच्यांचं काय झालं? इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृताच्या मालमत्तेवरचा कर, १९८५ मध्येच गेली, २०१५ च्या अर्थसंकल्पाने संपत्ती कर काढला, २०१९ मध्ये करसवलती सोडणाऱ्या कंपन्यांचा प्राप्तिकराचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आणला. दरी वाढणार नाही तर काय!

ठाणेकर: ते माझंच लिखाण आणि मी त्यावर ठाम आहे. माझा कर पगार हातात यायच्या आधीच कापतात. गावाकडे द्राक्षबागायतदार बंगल्यावर बंगले चढवतात, शेतीचं उत्पन्न म्हणून प्राप्तिकर शून्य.

शिवार: आलात शेवटी शेतकऱ्यावर! खतावर ५ टक्के, कीटकनाशकावर १८ आम्ही भरतो. व्यापाऱ्याला भरलेला कर वळता करून मिळतो, आम्हाला नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यात शुल्क लावलं, डिसेंबरात थेट बंदी. भाव येईल म्हणून साठवणीच्या कांदाचाळीत ठेवलेल्या कांद्याला मोड आले, खालचा थर पाणी सुटून काळा पडला, घमेल्याने उचलून उकिरड्यावर टाकला. शहराची भाजी स्वस्त ठेवायला आमच्याकडून घेतलेला तो करच होता.

ठाणेकर: आणि कांदा महागला की आम्ही काय खायचं? ईएमआय भरून उरतं किती ते विचारा.

मायलेक: कांदा राहू द्या. रोजगार हमीला पैसा हवा म्हणून १९७५ मध्ये राज्याने व्यवसाय कर लावला. माझी आई त्या हमीवर पाझर तलावाला खडी फोडायची, त्या मजुरीवर आम्ही शिकलो. तिला कोणी फुकटी म्हटलेलं मी ऐकून घेणार नाही. राग काढायचाच तर यावर काढा: आज महिना पंधरा हजार पगारवाल्या पुरुषालाही वर्षाला २५०० व्यवसाय कर आणि दोन लाखवाल्यालाही २५००च.

ठाणेकर: व्यवसाय कराचं पटलं. निर्यातबंदी चूक होती, तेही मानतो. यापलीकडे एक पाऊल नाही. मोठ्या बागायतदाराने कर भरावा की नाही, ते शिवार यांनी सांगावं.

शिवार: भरावा. पण गारपिटीत बाग गेली त्या वर्षीचा तोटा पुढच्या नफ्यातून वजा होणार का, ते आधी लिहा.