सांदवाडीत (घरामागच्या जागेत) आपल्या इकडची कोणती झाडं लावू? पाखरं परत यायला पाहिजेत

सांदवाडीवाली (पांढरकवडा तालुका)

नमस्कार मंडळी. आमचं गाव टिपेश्वरच्या जंगलापासून फार लांब नाही. मागच्या उन्हाळ्यात घर बांधलं तेव्हा मागची सगळी सांदवाडी जेसीबीनं साफ करून घेतली, तीन गुंठे जागा आहे, काळी माती, बोअरचं पाणी एप्रिलपर्यंत कसंबसं पुरते. विहिरीजवळ एक जुनी बाभूळ होती, तिच्यावर दर पावसाळ्यात सुगरणीचे खोपे लटकायचे, तीपण त्यात गेली. यंदा एकही खोपा दिसला नाही तेव्हा मले खरंच रडू आलं. नर्सरीवाला गुलमोहर, कोनोकार्पस न् पाम घ्या म्हणते, लवकर वाढते म्हणे. पण मले पाखरं, फुलपाखरं पाहिजेत. काय लावू? घरात दोन लहान लेकरं आहेत म्हणून सापाचंही भेव वाटते.

धुऱ्यावरचा (वर्धा)

ताई, कोनोकार्पस आणूच नका, गुजरातनं तर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. गुलमोहर मादागास्करचा, दिसते छान पण आपल्या अळ्यांना त्याचा फारसा उपयोग नाही.

आणि अळ्यांपासूनच सुरुवात करा असं माझं म्हणणं आहे. लोकं फुलं न् फळं पाहतात, पण चिमणी सोता दाणे खात असली तरी पिलांना किडे-अळ्याच भरवते. अळी म्हटलं की कोणतंही पान चालत नाही, तिचं झाड ठरलेलं असते. लिंबू न् कढीपत्ता लावला की काळी-पिवळी लिंबाची फुलपाखरं अंडी घालतात, लहानपणी ती अळी पानावर पाखराची शीट पडल्यासारखी दिसते, मोठी झाली की हिरवीगार. रुईवर तो केशरी, पांढऱ्या ठिपक्यांचा येते. बहाव्यावर फिक्या हिरवट-पिवळ्या फुलपाखरांच्या अळ्या. आणि तरोटा, ज्याची आपण आषाढात भाजी खातो, त्याच्यावर छोटी पिवळी फुलपाखरं वाढतात, म्हणून भाजी खुडून झाली की एक कोपरा तसाच उभा राहू द्या, निंदून टाकू नका. पानं खाल्लेली दिसली की फवारा मारायचा नाही एवढं मात्र पक्कं ठेवा, नाहीतर सगळं लावून काही उपयोग नाही.

मोठ्या झाडांत एक कडुलिंब (निंबोळ्यांवर कोकिळा, बुलबुल, साळुंख्या येतात) आणि जागा असेल तर एक उंबर. उंबर घरापासून, विहिरीपासून तीस-चाळीस फूट तरी लांब, मुळं पाण्याकडं धावतात. पण उंबर पिकला की हरियल येतात, आपला राज्यपक्षी, ते पाहायला मी सकाळी चहा घेऊन धुऱ्यावर (शेताच्या बांधावर) बसतो.

वऱ्हाडी शेतकरी (अकोला)

माय, पैसे कायले खर्च करता, अर्धी झाडं तं धुऱ्यावरच भेटतात. आता पळस फुलला हाय पहा, त्याच्यावर शिंजीर, मैना, पोपट सकाळी नुसता कल्ला करतात. मे-जूनमदी त्याच्या चपट्या शेंगा पडतात, एका शेंगेत एकच बी असते, ताजं बी खड्ड्यातच लावून द्या, जुनं झालं का उगवत नाई. पिशवीत वाढवू नका, सोटमूळ लवकर खोल जाते. बहाव्याचं बी लय टणक, दगडावर घासून गरम पाण्यात रातभर भिजवा. कुंपणाले निरगुडी लावा, ढोरं खात नाईत न् मधमाश्या येतात.

रायमुनिया (घाणेरी) मात्र लावू नका. फुलपाखरं तिच्या फुलावर बसतात हे खरं हाय, पण ते बाहेरदेशातून आलेलं झुडूप, पाखरं फळं खाऊन बिया पसरवतात न् मंग जंगलात चराईले जागाच राहत नाई. आमच्या वावराच्या नाल्याले तीन वर्सं झाले उपटून राह्यलो.

ताडोबाकडचा (चिमूर)

वरचं सगळं बरोबर आहे, पण एक काळजी घ्या. जंगल जवळ असेल तर मोह न् बोर घरामागे लावू नका, आमच्याकडे अस्वल मोहफुलं, बोरं खायला येते. दाट झुडपात रानडुकरं बसतात, कुत्र्यांच्या मागे बिबट येते, हे आम्ही रोज भोगतो, म्हणून मनापासून सांगतो. भिंतीपासून वीस फूट जागा मोकळी, झाडलेली ठेवा, झुडपं त्याच्या पलीकडे. तुराट्या-पऱ्हाट्यांचा ढीग भिंतीला लावू नका. पाखरांसाठी अंगणात दाणेही टाकू नका, दाण्यानं उंदीर येतात न् उंदरांच्या मागे साप. पाणी ठेवा. मातीचं पसरट परळ सावलीत ठेवायचं, त्यात दोन दगड टाकायचे म्हणजे मधमाश्या बुडत नाहीत, पाणी रोज बदला. पंचेचाळीस अंशात पाखराला ह्यापेक्षा मोठं काही देता येत नाही.

सांदवाडीवाली

सगळ्यांचे खूप आभार. कोपऱ्यात एक रुई उगवली आहे, उद्या उपटणार होते. पण तिचा चीक लेकरांच्या डोळ्यात गेला तर? आणि सुगरण परत येईल का?

धुऱ्यावरचा (वर्धा)

रुई राहू द्या, तिच्याभोवती काटेरी फांद्या लावा न् लेकरांना एकदा बसून समजवा, चीक डोळ्याला खरंच वाईट. सुगरणीचं वचन मी देऊ शकत नाही ताई. तिला उंच लटकती फांदी पाहिजे, पात्या ओढायला लांब गवत पाहिजे, म्हणून विहिरीजवळ बाभूळ परत लावा न् बाजूला गवत वाढू द्या. बाभळीचं बी विकत घेऊ नका. बकऱ्या शेंगा खातात न् रवंथ करताना बिया थुंकतात, त्या बिया चांगल्या उगवतात, कोणाच्या कोठ्यात झाडताना सापडतील.

सांदवाडीवाली

शेजारच्या काकूंच्या कोठ्यातून ओंजळभर बिया मिळाल्या. विहिरीजवळ खड्डे घेऊन ठेवते, मृगाचा पाऊस पडला की टाकते.