आईची पोस्टर कलरची चित्रं: वर्षश्राद्धाला प्रदर्शन आणि स्मरणिका

पिंपळपान:
आई माध्यमिक शाळेत चित्रकला शिकवायची. एलिमेंटरी-इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांच्या कित्येक तुकड्या तिच्या हाताखालून गेल्या. वर्षश्राद्धाला शाळेच्या हॉलमध्ये तिच्या चित्रांचं प्रदर्शन आणि १६ पानी स्मरणिका करायची आहे. चित्रं माळ्यावर सुरळी करून ठेवलेली होती. काहींना बुरशी आलीय, काहींचा रंग सुटतोय. लॅमिनेशन करून घ्यावं का? आणि माजी विद्यार्थ्यांकडून आठवणी कशा मागवाव्यात?

कागदकाम:
लॅमिनेशन अजिबात नको, ताई. गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक पुन्हा निघत नाही. पोस्टर कलर डिंकाने बांधलेला असतो. डिंक वाळून ठिसूळ झाला की जाड थर सुरळी उलगडताना तडकतो. म्हणून उलटी गुंडाळी करून कागद सरळ करू नका. चित्राची बाजू वर ठेवून सुरळी हळूहळू सैल होऊ द्या, वजन फक्त कोऱ्या समासावर ठेवा. इस्त्री नको.

बुरशीची चित्रं आधी बाकीच्यांपासून वेगळी करा आणि सावलीत, हवेशीर जागी वाळवा. बुरशी कोरडी झाली की मास्क लावून, घराबाहेर, मऊ कोरड्या ब्रशने झटका. उन्हात ठेवलं तर रंग उडतो. ओलं फडकं लावलं तर रंगच पुसला जातो. जिथे पापुद्रे सुटलेत तिथे ब्रशही लावू नका. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं कला-संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारून पाहा.

फ्रेम करताना काच चित्राला टेकता कामा नये, नाहीतर पावसाळ्यात रंग काचेला चिकटतो. मध्ये २-३ मिमी जाडीचा माउंट, म्हणजे चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट, हवाच. चित्र मागच्या पुठ्ठ्याला धरून ठेवायला सेलोटेपऐवजी गव्हाच्या खळीने पातळ जपानी कागदाच्या दोन पट्ट्या फक्त वरच्या कडेला लावा.

छापखाना:
स्मरणिकेसाठी चित्रांचे फोटो ती फ्रेम करण्याआधीच काढा. पापुद्रे सुटलेली चित्रं स्कॅनरवर पालथी घालू नका, रंग काचेवर उतरेल. कॅमेरा चित्राला समांतर, फ्लॅश बंद, आणि खिडकीचा उजेड घ्या पण थेट ऊन नको. छापायच्या मापात ३०० डीपीआय (दर इंचाला ३०० ठिपके) भरलं पाहिजे. भडक नारिंगी आणि जांभळा चार शायांच्या छपाईत मंद पडतात, म्हणून प्रूफ (छपाईआधीचा नमुना) मूळ चित्राशेजारी धरून तपासा. पिना मारायच्या पुस्तिकेची पानं ४ च्या पटीत लागतात, तेव्हा १६ ठीक. मजकूर युनिकोडमध्ये द्या. प्रेसवाल्याने तो जुन्या फॉन्टमध्ये बदलला तर रफार आणि जोडाक्षरं बिघडतात. शेवटचं प्रूफ त्यासाठी शब्दन् शब्द वाचा.

फळा_खडू:
नुसती पूर्ण चित्रं टांगलीत तर चित्रकार दिसेल, बाई दिसणार नाहीत. त्यांची रंगचक्रं, छटांच्या पट्ट्या, टप्प्याटप्प्याची प्रात्यक्षिकं शोधा. सगळ्यांत मोलाचे ते मुलांचे कागद, ज्यांच्या समासात बाईंनी पेन्सिलीने दुरुस्ती करून दिलीय. उदाहरणार्थ, लोट्याचं तोंड मुलं टोकदार कोपऱ्यांचं काढतात आणि बूड सरळ रेषेत संपवतात. लोटा नजरेच्या खाली असला तर बुडाची वक्ररेषा तोंडापेक्षा जास्त गोलाईची हवी. असा एक कागद दर्शनी भिंतीवर लावाच. त्यांचं शिकवणं त्यात अख्खं आहे. शाळेची हस्तलिखित मासिकंही मुख्याध्यापकांच्या परवानगीने शाळेतच फोटो काढून घ्या.

आठवणी मागताना ‘बाई कशा होत्या?’ विचारलंत तर सगळे ‘प्रेमळ, शिस्तप्रिय’ लिहून मोकळे होतील. त्याऐवजी विचारा: हिरवा रंग कशात काय मिसळून करायला सांगायच्या? चित्र बिघडलं की काय म्हणायच्या? स्नेहसंमेलनाच्या पडद्यावर काय रंगवलं होतं? घरच्यांना मखर, रुखवत, दारातली रांगोळी यांबद्दल विचारा. दहावीची बॅच आणि वर्ष प्रत्येकाकडून घ्या.

पिंपळपान:
आभार. आईच्या रांगोळीच्या वह्यांच्या पिना गंजल्यात. काढू का?

कागदकाम:
हो, गंज कागद खातो. वही मधोमध उघडा, बोथट पातळ पात्याने पिनेचे पाय उभे करा आणि बाहेरच्या बाजूने उपसा. त्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ आत घ्या. वह्यांत स्केचपेन वापरलं असेल तर ते रंग उजेडाने उडतात, म्हणून प्रदर्शनात पानांच्या छापील प्रती ठेवा.