मदत हवी आहे : टोनी बेन यांनी केलं ते 'हक्कसोड' म्हणायचं का?

नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात आमच्या वाचनकट्ट्यावर मला ब्रिटिश नेते टोनी बेन यांच्यावर बोलायचं आहे. सगळं मराठीत मांडायचं ठरवलंय आणि शब्दांपाशी अडलोय.

त्यांचे वडील विल्यम वेजवुड बेन १९२९ ते १९३१ भारतमंत्री होते. मिठाचा सत्याग्रह झाला तेव्हा आणि बाबासाहेब पहिल्या गोलमेज परिषदेला गेले तेव्हा हेच त्या खुर्चीवर. १९४२ साली त्यांना व्हायकाउंट स्टॅन्सगेट ही लॉर्डपदाची वंशपरंपरागत पदवी मिळाली. ती थोरल्या मायकेलकडे जायची, पण तो १९४४ मध्ये हवाई दलात असताना गेला आणि नको असलेला वारसा टोनींच्या गळ्यात पडला.

टोनी १९५० पासून ब्रिस्टल साउथ ईस्टचे मजूर पक्षाचे खासदार. नोव्हेंबर १९६० मध्ये वडील वारले आणि त्याच क्षणी हे लॉर्ड झाले. लॉर्डला तेव्हा हाऊस ऑफ कॉमन्समध्ये, म्हणजे संसदेच्या लोकांनी निवडलेल्या सभागृहात, बसता येत नसे, म्हणून जागा गेली. मे १९६१ च्या पोटनिवडणुकीत ते तरीही उभे राहिले. मतदारांनी त्यांना २३,२७५ मतं दिली, हुजूर पक्षाच्या माल्कम सेंट क्लेअर यांना १०,२३१. निवडणूक न्यायालयाने जागा दिली सेंट क्लेअरना! आणि हे गृहस्थ स्वतः एका लॉर्डपदाचे संभाव्य वारस होते. एवढ्या लोकांचं मत एका जन्मदाखल्यापुढे वाया गेलं, हे वाचून मला फार वाईट वाटलं.

टोनी लढत राहिले. ३१ जुलै १९६३ ला अशी पदवी सोडण्याची मुभा देणारा पीअरेज कायदा झाला आणि त्याच संध्याकाळी त्यांनी पदवी सोडली. तशी सोडणारे ते पहिलेच. ऑगस्टमध्ये ते पुन्हा निवडून आले. ऑक्टोबरात याच कायद्याच्या आधारे लॉर्ड होम यांनीही पदवी सोडली. ते तेव्हा नुकतेच पंतप्रधान झाले होते.

आता अडचण. या 'सोडण्या'ला काय म्हणू? 'राजीनामा' पटत नाही, कारण पद कुणी नेमून दिलेलं नव्हतं. 'हक्कसोड' जवळचा वाटतो, पण माझ्या समजुतीप्रमाणे आपल्याकडे हक्कसोडपत्र केलं की त्या माणसाच्या मुलांनाही त्या हक्कावर दावा सांगता येत नाही. इथे त्याग फक्त हयातीपुरता होता. २०१४ मध्ये टोनी गेले आणि पदवी थोरल्या मुलाकडे, स्टीफनकडे आली. २०२१ मध्ये स्टीफन हाऊस ऑफ लॉर्ड्समध्ये, म्हणजे संसदेच्या वरिष्ठ सभागृहात, बसले. त्यांचे धाकटे भाऊ हिलरी मात्र कॉमन्समध्ये. वकील मंडळींनी कृपया सांगावं, 'हयातीपुरती हक्कसोड' चालेल का?

दुसरं, 'हेरेडिटरी पिअर'ला, म्हणजे वारशाने लॉर्ड झालेल्याला, काय म्हणावं? 'सरदार' म्हटलं की श्रोत्यांना शिंदे-होळकर आठवणार. 'जहागीरदार' चुकीचं, कारण या पदवीबरोबर जमीन मिळाली नव्हती. सध्या 'वंशपरंपरागत उमराव' लिहून ठेवलंय.

आणि १९२९-३१ च्या मराठी वर्तमानपत्रांचे अंक कुणी चाळले असतील, तर वेजवुड बेन यांच्याबद्दल तेव्हा काय लिहून येत होतं तेही सांगा. कात्रणाचा फोटो मिळाला तर फारच उत्तम.