शाळकरी मुलांना कविता शिकवताना उपमा-रूपकाच्या व्याख्या आधी हव्यात का?

कोरडवाहू:
माझं मत सरळ आहे. आठवीपर्यंत उपमेय (ज्याची तुलना करायची ते), उपमान (ज्याच्याशी करायची ते), साधर्म्यवाचक शब्द ('जसा'सारखे तुलना दाखवणारे) ही भानगड वर्गात काढूच नये. कवयित्री बहिणाबाई चौधरींचं घ्या: 'मन वढाय वढाय (म्हणजे ओढाळ), उभ्या पिकातलं ढोर'. मूल वहीत लिहितं, उपमेय मन, उपमान ढोर, अलंकार रूपक. पैकीच्या पैकी गुण! पण पुढची ओळ, 'किती हाकला हाकला, फिरी येतं पिकांवर', तिचं काय? ढोराला हिरव्या पिकाची चव लागलीय. हाकललं की बांधापर्यंत जाईल, तुमची पाठ वळली की पुन्हा आत. मनही तसंच, नको म्हटलेल्या गोष्टीकडेच जातं. एवढं कळलं की झालं. ज्या बाईंना अक्षरओळख नव्हती त्यांनी हे रचलं, आणि आपण त्याचे तक्ते भरत बसतो.

व्याकरणवेडी:
त्यांना अक्षरओळख नव्हती म्हणून मुलांना व्याकरण नको? हे कुठलं तर्कशास्त्र? उलट याच कवितेत दोन्ही अलंकार शेजारी शेजारी आहेत. पुढच्या कडव्यात मनाच्या ठायी ठायी वाटा येतात, वाऱ्यानं चाललेल्या पाण्यावरच्या लाटांसारख्या. तिथं 'जशा' आहे, म्हणून उपमा. ढोराच्या ओळीत 'जसं' नाही, मन ढोरच झालंय, म्हणून रूपक. आणि हाकललं तरी परत येणं, हे जे तुम्ही इतकं छान उलगडलंत ना, त्यालाच, म्हणजे दोघांत सारख्या असलेल्या गुणाला, साधारण धर्म म्हणतात. नाव न घेता तेच शिकवलंत की.

कोरडवाहू:
नावाला हरकत नाहीच, ते आधी येतं याला आहे. शिकवणीत काय चालतं? 'सारखा, समान, जसा, परी' दिसलं की उपमा, 'जणू, गमे, वाटे, भासे' दिसलं की उत्प्रेक्षा, म्हणजे एक गोष्ट जणू दुसरीच आहे अशी कल्पना. मुलं कविता वाचतच नाहीत, शब्द हुडकतात. 'मला घरी जावेसे वाटे' याला उत्प्रेक्षा ठोकून मोकळी होणारी पोरं मी पाहिलीत.

तिसरा मजला:
दोघांनाही एक प्रश्न. माझी मुलगी पुण्यात फ्लॅटमध्ये वाढली. उभ्या पिकातलं ढोर तिनं कुठं पाहायचं? तुमचा रसास्वाद तिच्या डोक्यावरून जातो. व्याख्या पाठ असली तर दहावीला हक्काचे गुण तरी पडतील.

कोरडवाहू:
मग तिलाच तिच्या मनासाठी काहीतरी शोधायला सांगा. आमच्याकडे एका पोरानं लिहिलं होतं, 'मन म्हणजे रिक्षा, कितीही हात करा, थांबतच नाही.' व्याख्येचं नावही न काढता!

तिसरा मजला:
हे आवडलं. आजच विचारते. (पेपरात याला कुणी गुण देणार नाही, ते सोडा.)

व्याकरणवेडी:
रिक्षा मलाही आवडली. पण म्हणून ढोर बाजूला सारू नका. पिकात शिरलेलं जनावर समजावून सांगायला दोन मिनिटं पुरतात. शिवाय दोन्ही एक नाहीत. रिक्षा थांबत नाही, निघून जाते. ढोर जात नाही, परत परत येतं, कारण त्याला ओढ आहे. बहिणाबाईंचं म्हणणं त्या ओढीबद्दल आहे. आता हा फरक मुलीला दाखवायचा, तर 'दोघांतला साधारण धर्म कोणता?' असंच विचारावं लागेल ना? की त्यालाही आठवीपर्यंत बंदी?