मदत हवी आहे : चक्राकार खजिनाशोधातील शेवटचे कोडे

पुण्याच्या कसबा पेठ परिसरात आमचा महाविद्यालयीन गट आठवी-नववीच्या मुलांसाठी पायी खजिनाशोध आखत आहे. प्रत्येकी चौघांचे सहा संघ, सहा थांबे आणि दोन तासांचा वेळ असा बेत असून लाल महाल, कसबा गणपती, तांबट आळी आणि शनिवारवाड्याचा दिल्ली दरवाजा हे थांबे पक्के आहेत. दरवाजाचे कोडे हत्तींची धडक रोखण्यासाठी त्यावर ठोकलेल्या अणकुचीदार खिळ्यांवर बेतले आहे. ते बाहेरूनच दिसत असल्याने तिकिटाचा प्रश्न येत नाही.

सर्वांना एकाच क्रमाने पाठवून पाहिले, तेव्हा मागचे संघ कोडे न सोडवता पुढच्यांच्या मागोमाग चालू लागले आणि तांबट आळीत मठारकाम (तांब्याच्या भांड्यांवर हातोडीने ठोके देण्याचे काम) करणाऱ्या कारागिरांसमोर गर्दी झाली. म्हणून आता प्रत्येक संघ वेगळ्या थांब्यापासून निघून त्याच चक्रात फिरेल. गर्दी टळते, मात्र प्रत्येक उत्तरातून मिळणारे एकेक अक्षर जुळवून अंतिम ठिकाणाचे नाव शोधायचे असल्याने चार अक्षरे हाती येताच मुले ते ओळखतात आणि उरलेले थांबे सरळ गाळतात.

मोबाइल वापरायचा नसल्याने कृपया क्यूआर कोड सुचवू नयेत. जुन्या वास्तूंवर काहीही चिकटवायचे नाही. नकाशाचे तुकडे वाटण्याचा विचार झाला, पण प्रत्येक थांब्यावर उभे करण्याइतके स्वयंसेवक आहेत कुठे?

सुरुवात कोठूनही झाली तरी सर्व संघांना सारखेच अवघड जाईल आणि सहाही उत्तरे मिळाल्याशिवाय मुळीच उलगडणार नाही, असे शेवटचे कोडे कसे रचावे?